रक्ताची वंशावळ – भाग 7 : मलेरियाच्या नकाशावरचा सिकलसेल

मागच्या भागात आपण 1949 सालापर्यंत आलो होतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे त्या वर्षी लायनस पॉलिंग यांनी दाखवलं, आणि आई-वडील दोघांकडून त्याचं जनुक आलं तर मूल आजारी होतं हे जेम्स नील यांनी. पण एक कोडं उरलंच. अशी दोन प्रती असलेली, म्हणजे ‘एसएस’, मुलं तेव्हा आफ्रिकेत बहुतेक लहानपणीच दगावत. त्यांच्याबरोबर दर पिढीत जनुकही घटत जायला हवं. तरी पूर्व आफ्रिकेतल्या काही जमातींत 40 टक्क्यांपर्यंत लोक वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेले, होते. हे कसं?

हे कोडं सोडवणारे अँथनी ॲलिसन त्या वेळी ऑक्सफर्डचे विद्यार्थी होते. जन्म 1925 चा, दक्षिण आफ्रिकेतला. बालपण गेलं केनियात, गिलगिलजवळच्या वडिलांच्या शेतावर. 1949 मध्ये विद्यापीठाची मोहीम माउंट केनियाकडे निघाली, त्यात तेही गेले. काम होतं निरनिराळ्या जमातींचे रक्तगट तपासण्याचं. त्याच नमुन्यांवर त्यांनी सिकलची चाचणीही केली. रक्तातला ऑक्सिजन काढून घेणारं रसायन मिसळायचं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात का, ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचं.

किनाऱ्यालगत आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती 20 टक्क्यांहून जास्त लोक वाहक निघाले. मधल्या उंच, थंड मुलखात 1 टक्कासुद्धा नाही. जमात किंवा भाषा पाहून याचा उलगडा होईना. मात्र जिथे डास आणि मलेरिया, तिथे सिकल, हे जुळत होतं. म्हणजे जनुकाची एकच प्रत असेल, तर ती मलेरियापासून वाचवत असावी. मला या संशोधनातला सर्वांत मोठा क्षण हाच वाटतो, कारण तोवर सगळे रक्ताकडे पाहत होते आणि ॲलिसन यांनी रक्त ज्या जमिनीवर राहतं तिच्याकडे पाहिलं.

सिद्ध करायला मात्र थांबावं लागलं. वैद्यकीय शिक्षण पुरं करून ते 1953 मध्ये आफ्रिकेत परतले. कंपालाच्या परिसरातली 290 मुलं त्यांनी तपासली. मुलंच का? मोठ्या माणसांना वारंवार मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. मग जनुकाचा परिणाम वेगळा ओळखणं कठीण. वाहक नसलेल्या 247 मुलांपैकी 113 जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी होते, 43 वाहकांपैकी फक्त 12 जणांच्या.

दुसरा प्रयोग लुओ जमातीच्या 30 प्रौढांवर झाला, 15 वाहक आणि 15 वाहक नसलेले. त्यांना मुद्दाम मलेरियाचा संसर्ग दिला गेला. वाहक नसलेल्यांपैकी 14 जणांच्या रक्तात परजीवी सापडले, वाहकांपैकी दोघांच्याच. हे लोक स्वेच्छेने आले होते, अशी नोंद आहे. तरीही इंग्रजांच्या वसाहतीत गोऱ्या डॉक्टरला नकार देणं किती सोपं होतं, हा प्रश्न हे आकडे वाचताना माझा पाठलाग सोडत नाही. ज्ञान मोलाचं आहे म्हणून तो विचारायचा नाही, असं मला मान्य नाही.

निष्कर्ष 1954 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. जनुकाच्या दोन प्रती आल्या तर जीवघेणा आजार. एकही नसेल तर मलेरियाचा धोका जास्त. एक असेल तर मलेरियाच्या मुलखात जगण्याची शक्यता अधिक. म्हणून ते जनुक टिकलं. माणसातल्या नैसर्गिक निवडीचा इतका स्पष्ट पुरावा तोवर कुणी दिला नव्हता.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला 1952 मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. आपल्याकडे गडचिरोली आणि नंदुरबार ही नावं त्याच्याशी जोडली गेली आहेत. तिथे ‘एएस’ असा रिपोर्ट आला की मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटतात. वास्तविक एएस व्यक्ती वाहक असते, रुग्ण नव्हे. जोडप्यातल्या दोघांकडेही हे जनुक असेल तरच मूल एसएस होण्याचा धोका असतो, आणि दोघेही वाहक असतील तर तो दर गरोदरपणी चारांत एक. तेव्हा तपासणी मुलीइतकीच मुलाचीही व्हायला हवी.

ॲलिसन पुढे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे वळले. पत्नी एल्सी युगुई यांच्यासह त्यांनी विकसित केलेलं मायकोफिनोलेट हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर आज जगभर दिलं जातं. 2014 मध्ये त्यांचं निधन झालं.

हिमोग्लोबिनच्या रेणूत नेमका कुठे बदल होतो, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी कसं शोधलं, ते पुढच्या आठवड्यात.