प्रवाळाला कॅल्शियम किती?

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ ठेवणे हा खर्चिक आणि चिकाटीचा छंद आहे. महिनोन्महिने वाढ दिसत नाही, फांद्यांची टोके फिकी पडतात. मग कोणीतरी सुचवते, 'कॅल्शियम कमी पडत असेल.' बाटली आणली जाते आणि अंदाजाने दोन बुचे पाण्यात ओतली जातात. कधी कधी पाणी दुधासारखे पांढुरके होते, पंपावर खडूसारखा थर चढतो आणि प्रवाळ मात्र आणखी मलूल होते.

चूक कॅल्शियमची नसते, न मोजता ते घालण्याची असते. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. कॅल्शियम हा त्याचा निम्माच कच्चा माल. उरलेला निम्मा पाण्यातल्या बायकार्बोनेट व कार्बोनेटमधून येतो आणि तो 'अल्कलिनिटी'च्या चाचणीने मोजतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 420 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे आपल्या रक्तातल्या प्रमाणाच्या साधारण चौपट. अल्कलिनिटी मात्र 7 डीकेएचच्या आसपास असते.

सांगाडा बांधताना लिटरमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम वापरले गेले, की अल्कलिनिटी 2.8 डीकेएचने उतरते. म्हणजे कॅल्शियम 420 वरून जेमतेम 400 वर आलेले असते, तेव्हा अल्कलिनिटी 7 वरून 4.2 वर घसरलेली असते. आधी तुटवडा पडतो तो बहुधा अल्कलिनिटीचा. अशा वेळी नुसते कॅल्शियम वाढवून उपयोग नाही. दोन्ही एकदम भरपूर ओतले, तर ती एकमेकांशी संयोग पावून साका तळाशी बसतो. रुग्णालयात कॅल्शियम आणि सोडियम बायकार्बोनेट एकाच सलाइनमधून देत नाहीत, ते याच कारणाने.

म्हणून क्रम ठरलेला हवा. आधी पाण्याचा खारटपणा तपासावा. तो कमी असेल तर कॅल्शियमही कमीच दिसते. मग कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम मोजावे. मॅग्नेशियम लिटरमागे 1300 मिलिग्रॅमच्या आसपास हवे. ते घटले की कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाहीत. 100 लिटरच्या टाकीत कॅल्शियम लिटरमागे 20 मिलिग्रॅमने वाढवायला डायहायड्रेट स्वरूपातले सुमारे 7.4 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरते. एका दिवसात याहून जास्त वाढ करू नये. ते शुद्ध पाण्यात वेगळे विरघळवून, वाहत्या प्रवाहात थोडे थोडे सोडावे. अल्कलिनिटीचे द्रावण काही वेळाने, वेगळे द्यावे. तारीख, चाचणीचे आकडे आणि मात्रा वहीत लिहून ठेवावी.

घरात हाडांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या टाकीत टाकू नयेत. त्यातले कॅल्शियम कार्बोनेट पोटातल्या आम्लात विरघळते, समुद्राच्या पाण्यात नाही. शिवाय गोळी बांधणारे इतर पदार्थ पाणी खराब करतात.

छंदापायी किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणणे हा तर गुन्हाच आहे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकत्र देणारा एक जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. अनेक शौकीन ती थेंबाथेंबाने रात्री सोडतात, कारण रात्री पाण्याचा पीएच उतरलेला असतो. पण या निवळीचा पीएच सुमारे 12.4 असतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा डबी डोळ्यात फुटून मुलांची दृष्टी गेल्याची उदाहरणे आपल्याकडे नवीन नाहीत. धोका तोच आहे. अल्कली डोळ्यात आम्लापेक्षा खोलवर शिरते. चुन्याची भुकटी हाताळताना चष्मा आणि हातमोजे घालावेत, डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये. डोळ्यात उडालाच, तर लिंबू किंवा व्हिनेगर लावण्यात वेळ घालवू नये. पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान अर्धा तास धुवावा. दिसणारे चुन्याचे कण धारेनेच निघून जाऊ द्यावेत आणि मग तडक नेत्ररोगतज्ज्ञाकडे जावे. डोळा वाचतो तो बहुधा त्या पहिल्या काही मिनिटांतल्या पाण्याने.