ट्रॅक्टरचा गिअर जड झाला तर

ऊस वाहतुकीच्या हंगामात भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा गिअर पुष्कळदा जड पडू लागतो व करकर आवाज येतो. गिअरपेटी बिघडली असे समजून ती उघडण्याची घाई केली जाते. ऐन हंगामात त्यापायी काम खोळंबते, आणि खर्च होतो तो वेगळाच. वस्तुतः दोष पुष्कळदा पेटीत नसून क्लचमध्ये असतो.

याचा उलगडा साध्या परीक्षेने होतो. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा व इंजिन बंद असताना, क्लच दाबून, सर्व गिअर घालून पाहावेत. दातावर दात येऊन एखादा अडल्यास तो दोष समजू नये. गिअर सहज पडले आणि इंजिन चालू करताच जड झाले, तर क्लच पुरता सुटत नाही असे जाणावे. दोन्ही वेळा जडच पडत असतील, तरच गिअरदांडीचे सांधे व पेटीचा आतील भाग यांकडे वळावे.

क्लच न सुटण्याचे पहिले कारण म्हणजे पायदांडीची मोकळी चाल वाढणे. ही चाल किती असावी हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याप्रमाणे पान्याने ती जुळविता येते. तेवढ्याने भागले तर उत्तमच. परंतु चालकाला क्लचवर पाय ठेवून चालविण्याची सवय असेल, किंवा चढावर अर्धा क्लच दाबून ओझे धरून ठेवले जात असेल, तर चकती घसरून तापते व वाकते. मग चाल जुळवूनही उपयोग होत नाही. चकती बदलावीच लागते आणि त्यासाठी ट्रॅक्टर मधोमध अलग करावा लागतो. असा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसह घाटात मुळीच नेऊ नये. उतारावर गिअर बदलताना तो पडला नाही, तर इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

तेलाचीही पाहणी करावी. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. लोखंडाचे कण आढळल्यास दाते किंवा बेअरिंग झिजले आहे. थंडीत सकाळी जड पडणारा गिअर तापल्यावर हलका होत असेल, तर तेल फार घट्ट असण्याचा संभव असतो. अनेक ट्रॅक्टरांत गिअर व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. म्हणून उचलणारी ट्रॉली पूर्ण खाली करूनच पातळी पाहावी; एरवी काही तेल ट्रॉलीच्या नळकांड्यात राहून पातळी कमी दिसते, आणि वरून घातलेले तेल ट्रॉली उतरताच प्रमाणाबाहेर होते.