वाक्याच्या डोक्यावरचा आकडा

नाशिकच्या म्हसरूळ भागात, दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. 1998 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यभरातली वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, नर्सिंग अशा शाखांची महाविद्यालयं जोडलेली आहेत. इथे एमडी, एमएस करायचं तर प्रबंध लिहावा लागतो. असा कुठलाही वैद्यकीय प्रबंध उघडला की वाक्यांच्या शेवटी 7, 12, 23 असे बारीक आकडे दिसतात. ‘हे माझ्या मनचं नाही, शेवटच्या यादीत या क्रमांकावर आधार आहे,’ अशी ग्वाही त्यातला प्रत्येक आकडा देत असतो. विद्यार्थ्यांच्या लेखी मात्र हे काम प्रबंध बाइंडिंगला देण्याच्या आदल्या रात्रीचं. खरं पाहता प्रबंधात याहून जोखमीचं काम दुसरं नसेल.

या पद्धतीला व्हँकूव्हर पद्धत म्हणतात. जानेवारी 1978 मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले होते. तोवर प्रत्येक नियतकालिकाचा संदर्भ लिहिण्याचा नियम वेगळा. एकाने लेख नाकारला की दुसऱ्यासाठी सगळी यादी नव्याने टाइप करायची, तीही टाइपरायटरवर. संपादकांनी ठरवलेली समान नियमावली 1979 साली प्रसिद्ध झाली. नियम अगदी सोपा आहे: मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येईल त्याला 1, पुढच्याला 2, तोच संदर्भ पुन्हा आला तर आकडाही तोच, आणि शेवटची यादी याच क्रमाने. एका वाक्याला पाच अभ्यासांचा आधार असला तरी वाक्य नावांखाली दबत नाही. रुग्णासमोर बसून घाईत वाचणाऱ्या डॉक्टरला हीच सोय हवी असते.

आक्षेप असा, की आकडा सगळंच झाकतो. वाक्यात लेखकाचं नाव आणि साल असेल, तर पुरावा किती जुना हे वाचकाला तिथल्या तिथे कळतं. 14 हा आकडा काहीच सांगत नाही. आक्षेपात तथ्य आहे. 1980 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. अफूवर्गीय वेदनाशामकं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन जडल्याची नोंद त्यात होती. पण हे सगळे रुग्ण इस्पितळात दाखल झालेले होते. 2017 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा त्या पत्राचा हवाला 608 ठिकाणी सापडला. त्यांपैकी 439 लेखांनी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं आणि 491 लेखांत रुग्ण इस्पितळातले होते हा उल्लेखच नव्हता. म्हणून आकड्याऐवजी नाव-साल लिहावं का? त्यानेही इस्पितळाची अट वाक्यात आली नसती. दोष मूळ पान न उघडता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलण्याचा आहे. मात्र आकडा वाचकाला कमी सांगतो, त्यामुळे लिहिणाऱ्यावरचा भार वाढतो. पुराव्याचं वय किंवा मर्यादा महत्त्वाची असेल, तर ती वाक्यातच यायला हवी.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याची अडचण आणखी वेगळी. त्याच्या परंपरेत ‘च. सू. 1/41’ एवढं लिहिलं की चरकसंहिता, सूत्रस्थान, पहिला अध्याय, 41 वा श्लोक हे जाणकाराला लगेच समजतं. मग इतका नेमका पत्ता पुसून तिथे 9 कशाला लिहायचं? मोजक्या, सर्वांना परिचित ग्रंथांपुरता हा पत्ता पुरतो; लाखो शोधनिबंधांना पुरणार नाही. शिवाय पाठ आणि श्लोकांक आवृत्तीगणिक थोडे बदलतात. तेव्हा स्थान-अध्याय वाक्यात ठेवावा आणि कोणती आवृत्ती, कोणाची टीका, हे आकड्याच्या हवाली करावं. दोन्ही सुखाने एकत्र नांदतात.

आता झोटेरो, मेंडेली ही सॉफ्टवेअरं आकडे आपोआप लावतात, मधलं वाक्य काढलं तर पुढचे क्रमांकही सुधारतात. उत्तमच. स्वल्पविराम ती सांभाळतात, पण वाक्य आणि पुरावा यांचा मेळ बसतो का, हे पाहणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं अस्तित्वातच नसलेले संदर्भ बिनचूक व्हँकूव्हर पद्धतीत लिहून देतात. गाईड आणि परीक्षकांनी व्हायवाच्या वेळी यादीतला कोणताही एक क्रमांक निवडावा आणि मूळ लेख विद्यार्थ्याला समोर उघडायला लावावा.