सांगितलेले आयुष्य आणि लिहिलेले पुस्तक : कर्जत-खालापूरच्या संदर्भात

सामान्य माणसाचे आयुष्य पुस्तकात येण्याच्या तीन वाटा मराठीत दिसतात. ज्याचे आयुष्य आहे त्याने ते स्वतः लिहावे, ही पहिली. त्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे, ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे दुसऱ्यानेच पाहून त्याच्याविषयी लिहावे. यांपैकी पहिल्या वाटेची चर्चा आपल्याकडे विपुल झाली आहे. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) आणि 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके अभ्यासक्रमांत स्थिरावली. दुसऱ्या वाटेकडे मात्र साहित्याचे अभ्यासक सहसा फिरकत नाहीत. ती समाजशास्त्राची किंवा इतिहासाची मानली जाते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील कातकरी आणि ठाकर वस्त्या नजरेसमोर ठेवल्या, तर ही वाटणी किती अपुरी आहे हे ध्यानात येते.

या दोन जमातींविषयी ग्रंथ नाहीत असे नव्हे. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींबरोबर त्यांच्या बोलींचीही नोंद आहे. वेलिंग यांचा 'द कातकरीज' हा अभ्यास १९३४ चा, तर ल. ना. चापेकर यांचा 'ठाकूर्स ऑफ द सह्याद्री' १९६० चा. दोन्ही इंग्रजीत आहेत. मराठीत गो. नी. दांडेकरांनी 'जैत रे जैत' या कादंबरीत ठाकरांचे जीवन रंगवले आणि १९७७ मध्ये आलेल्या तिच्यावरील चित्रपटाने ते घरोघर पोहोचवले. या साऱ्यांत कातकरी वा ठाकर हा 'तो' आहे. भाषा-सर्वेक्षणाची रीत तर विलक्षणच होती. नमुन्यासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट देऊन ती त्या त्या बोलीत उतरवून घेतली जाई; जोडीला एखादा स्थानिक नमुनाही मागवला जाई. म्हणजे माणूस बोलता झाला तो प्रथम दुसऱ्याची गोष्ट सांगण्यासाठी.

मग पहिल्या वाटेने, स्वतःच्या लेखणीने, 'मी' येण्याची वाट पाहावी काय? येथे दलित आत्मकथनांच्या घडणीकडे पुन्हा पाहायला हवे. त्यांपैकी बहुतेकांचा कणा शाळा हा आहे. शाळेत वेगळे बसवले जाणे, शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी आणि मग मागे वळून पाहणे, असा तो प्रवास असतो. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) या पुस्तकाची लेखिका स्वतः शिक्षिका होती, हा योगायोग नव्हे. कातकरी कुटुंबाचे वर्ष मात्र वेगळे चालते. पावसाळा वाडीवर जातो. दिवाळीनंतर बयाणा घेतलेले कुटुंब मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघते आणि पाऊस तोंडावर आला की परतते. शाळेचे वर्ष आणि भट्टीचे वर्ष असे एकमेकांना छेदतात. ज्या 'मी'ला लेखक होण्याआधी विद्यार्थी व्हावे लागते, तो येथे प्रत्येक हिवाळ्यात पटावरून निसटतो. म्हणूनच या प्रदेशापुरते तरी सांगितलेले आत्मकथन हा दुय्यम प्रकार मानता येणार नाही. पुष्कळदा तोच एक उपलब्ध प्रकार आहे.

मराठीत त्याचे चांगले नमुने आहेत. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया मुलाखतींतून बोलत्या झाल्या. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील कामगारांच्या कथनांतून त्या वस्तीचा इतिहास उभा केला. २००४ मध्ये इंग्रजीत निघालेला हा ग्रंथ 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने मराठीतही आला.

अडचण आहे ती लिहून घेणाऱ्याच्या हाताची. ऑस्कर लुईस यांनी 'द चिल्ड्रेन ऑफ सांचेझ' (१९६१) या ग्रंथासाठी मेक्सिको शहरातील एका कुटुंबाची कथने ध्वनिमुद्रित केली आणि छापताना स्वतःचे प्रश्न गाळून सलग प्रथमपुरुषी निवेदन तयार केले. पुस्तक कादंबरीसारखे वाचले जाते. पण कोणते वाक्य आपणहून आले आणि कोणते विचारल्यामुळे, हे वाचकाला कळायला मार्ग उरत नाही. प्रस्तुत लेखकास ही किंमत फार मोठी वाटते. 'तुमचा जन्म कधीचा?' असे विचारले की कथन दाखल्याच्या साच्यात पडते. 'पहिल्यांदा भट्टीवर कोणाबरोबर गेलात?' या प्रश्नाने ते निराळ्या ठिकाणी सुरू होईल. प्रश्न छापले तरच हा फरक तपासता येतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतील ही ठाकरांची वाडी. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले. त्या दिवसांत वाचलेल्यांचे बोल वृत्तपत्रांत भरभरून आले. पण सारे त्या एका रात्रीविषयीचे. विचारणाराही तेवढेच विचारायला आला होता. जे गेले त्यांनी पेरणी, लग्ने, गडावरच्या वाटा, आजेपणजे यांविषयी काय सांगितले असते, ते विचारायला त्याआधीच्या वर्षांत कोणी जायला हवे होते. पायथ्यापासून डोंगर चढून वाडी गाठावी लागे, हे खरे. महाविद्यालये मात्र कर्जतला आणि खोपोलीला होतीच.

शब्दांचा प्रश्नही किरकोळ नाही. 'बयाणा'च्या जागी संपादकाने 'आगाऊ रक्कम' घातली, तर अर्थ राहतो, व्यवहार नाहीसा होतो. बयाणा घेतला की पुढचा सारा हंगाम ठरतो. भट्टीवर आठवड्याला मिळणारी 'खर्ची' त्याच हिशेबात मांडली जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर काय उरते ते मालकाची वही सांगते. 'खर्ची'ला 'साप्ताहिक वेतन' म्हणणे तर सरळ चूक ठरेल. क्रियापदांची रूपे प्रमाण केली तरी एक वेळ चालेल, मात्र तसे केल्याचे प्रारंभी नोंदवावे. ही नामे आहेत तशीच ठेवून तळटीप द्यावी, आणि तळटिपेतला अर्थही शक्यतो सांगणाऱ्याकडूनच घ्यावा.