पेन चालवणारं यंत्रच दालनात आणलं!

संगणकावर केलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं कसं? चौकटी टांगून मोकळं व्हायचं? मान्फ्रेड मोर यांनी मे 1971मध्ये पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात जे केलं, ते मला अजून भारी वाटतं. संगणकनिर्मित कलेचं संग्रहालयातलं हे जगातलं पहिलं एकल प्रदर्शन मानलं जातं.

मोर मूळचे जर्मन, आधी जॅझ वाजवायचे. फोर्ट्रान या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहायचे आणि रेखाटनं काढून घ्यायचे पॅरिसच्या हवामान संस्थेतल्या प्लॉटरवर. (हवामानाचे नकाशे काढणारं यंत्र!) कागदावर शाईचं पेन मोटरने सरकतं, बस्स. पण भिंतीवरची तयार रेघ बघून हे कुणाला कळणार? म्हणून त्यांनी प्लॉटर थेट दालनात आणून प्रेक्षकांसमोर चालवून दाखवला. प्रक्रियाच प्रदर्शनात!

त्याहून धाडसी गोष्ट म्हणजे भिंतीवरचा भलामोठा कोरा कागद. वर प्रश्न: संगणकाच्या मदतीने होणाऱ्या सौंदर्यशोधाबद्दल तुम्हाला काय वाटतं? लोकांनी तिथेच हातानं उत्तरं खरडली, आणि सगळीच काही गोड नव्हती. अभिप्रायवही दाराशी ठेवणं सोपं असतं; टीका भिंतीवर चढवायला छाती लागते.

आज अशी चित्रं मांडणाऱ्यांपुढे वेगळीच अडचण. उजेडाने शाई उडते, म्हणून कागदावरच्या कामांना साधारण 50 लक्सच प्रकाश देतात. बारीक रेघा, मंद उजेड. प्रेक्षकाला कागदाच्या अगदी जवळ जाता येईल अशीच मांडणी हवी.