इंटरनेटचे पत्ते : जुना पाठ व नवा पाठ

इंटरनेट प्रोटोकॉलची चौथी आवृत्ति सन १९८१ मध्यें ठरली. तींतील पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य वा एक अशा ३२ अंकांचा. म्हणून एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटि. त्यांचा मध्यवर्ती सांठा ३ फेब्रुवारी २०११ रोजीं संपला. सहाव्या आवृत्तींत पत्ता १२८ बिटांचा आहे. तिचा नियमलेख १८८३ या क्रमांकानें १९९५ त निघाला. शोधित पाठ १९९८ त २४६० व २०१७ त ८२०० या क्रमांकांनीं आले. प्रसिद्ध लेखांत खाडाखोड करावयाची नाहीं, जुना पाठ तसाच राखावयाचा, हा दंडक पोथीसंग्राहकांस मान्य होईल. मात्र या दोन आवृत्त्यांचा परस्परांशीं थेट व्यवहार होत नाहीं. यास्तव हस्तलिखितांची सूची इंटरनेटवर ठेवणाऱ्या मंडळांनीं दोन्ही पत्ते घ्यावेत. एरव्हीं केवळ नवा पत्ता असलेल्या अभ्यासकास दुभाष्या यंत्रावर विसंबावें लागेल.