हळवे मन म्हणजे दुबळे मन नव्हे

जळगाव जामोदच्या वस्त्यांत घराला घर लागून असते. एका घरचे भांडण चार घरांत ऐकू जाते, उन्हाळ्यात टिनपत्रे तापतात, लग्नसराईत डीजे छातीवर आदळतो. बहुतेकांना याची सवय होते. काहींना मात्र ते सोसवत नाही. एक टोमणा त्यांची रात्रीची झोप घालवतो. अशा मुलाला ‘रडका’ आणि सुनेला ‘नाजूक’ म्हणून आपण मोकळे होतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांनी १९९६ साली अशा माणसांवर पुस्तक लिहिले. त्यांच्या अंदाजाने शंभरात पंधरा ते वीस जण असे असतात. त्या याला आजार मानत नाहीत, जन्मजात स्वभाव मानतात. असे मन प्रत्येक गोष्ट खोलवर घेते, म्हणून लवकर थकते.

बाबासाहेबांनीही दुःख दाबून ठेवले नाही. १९२६ साली राजरत्न गेला. चार लेकरे गमावलेल्या या बापाने मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले मन मोकळे केले. पुढच्याच वर्षी त्यांनी महाडचा सत्याग्रह केला. दुःख बोलून दाखवणारा माणूस लढू शकत नाही, असे कोण म्हणेल?

भावना उसळली की काय करावे? सतिपट्ठान सुत्तात तथागतांनी वेदना जाणायला शिकवले आहे: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. राग किंवा रडू आले की ते अंगात कुठे जाणवते ते पाहा. छाती धडधडते? घसा दाटतो? कानशिले तापतात? ‘ही दुःखद वेदना आहे’ एवढेच मनात म्हणा. मग श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, असे दहा वेळा करा. तोवर उलट उत्तर नको, मोबाईलवर मेसेजही नको.

घरात गोंगाट असेल तर अर्धा तास विहारात शांत बसावे. उपाशीपोटी आणि अपुऱ्या झोपेत मन लवकर भडकते, म्हणून जेवण-झोप सांभाळावी. घरच्यांनी ‘मनाला लावून घेऊ नको’ म्हणण्याऐवजी ‘काय झालं, सांग’ असे विचारावे.

मात्र जातीवरून अपमान झाला आणि मन पेटले, तर तो हळवेपणाचा दोष नव्हे. तो राग रास्त आहे. मन शांत करायचे ते अन्याय विसरण्यासाठी नाही, तक्रार नीट लिहिता यावी म्हणून.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-जेवण उडाले, कामात मन लागेना, तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. जगू नये असे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. अशा माणसाला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरात असेल तर ते आजच त्याच्या हाती लागणार नाही असे दूर ठेवा.